अकराला 'वनटीन' का म्हणत नाहीत?

'डझनभर केळी द्या, बारा नीट मोजा हं,' असं म्हणताना आपण एकाच घरातले दोन शब्द वापरतो. संस्कृत 'द्वादश' प्राकृतातून झिजत झिजत 'बारा' झालं. त्याचं लॅटिन भावंड 'दुओदेकिम' फ्रेंचांच्या तोंडी 'दूझ' झालं. बाराच्या गठ्ठ्याला ते 'दूझेन' म्हणू लागले, इंग्रजांनी त्याचं 'डझन' केलं आणि इंग्रजांबरोबर ते आपल्या बाजारात आलं.

इंग्रजीचा स्वतःचा बारा मात्र वेगळ्या वळणाचा आहे. तेरापासून पुढे सगळं सरळ: थर्टीन म्हणजे तीन-दहा, फोर्टीन म्हणजे चार-दहा. मग 'वनटीन', 'टूटीन' का नाही? जुन्या इंग्रजीत अकराला 'एन्डलेओफन' म्हणत. त्याच्याही मागचं, इंग्रजी-जर्मन या भाषांच्या जर्मानिक शाखेतलं रूप 'आइनलिफ', म्हणजे 'एक उरला'. तसंच 'ट्वालिफ' म्हणजे 'दोन उरले'. दहा बोटं संपली आणि तरी दोन मेंढ्या उरल्या, एवढंच ते सांगणं. इंग्रजीने ही तऱ्हा बारावरच सोडली. लिथुआनियन भाषेत मात्र अकरा ते एकोणीस सगळे आकडे असेच 'उरलेले' आहेत. आपली गंमत उलटी. एकोणीस म्हणजे विसाला एक ऊन, एक कमी. ते उरलेलं मोजतात, आपण कमी पडलेलं!

'हंड्रेड'मधला 'हंड' हा आपल्या 'शत'चा सख्खा भाऊ आणि 'रेड' म्हणजे मोजदाद. पण हा शेकडा नेहमी शंभराचाच असे, असं नाही. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत याच शब्दाचा अर्थ 120 होता. मध्ययुगीन इंग्लंडच्या बाजारातही मासळीचा शेकडा 120 चा धरत. त्यामुळे शेकडा पाच विसांचा की सहा विसांचा, हे आधी ठरवून घ्यावं लागे.

इंग्रजीत वीस म्हणजे 'स्कोर'. हा शब्दही नॉर्सच, आणि मूळ अर्थ खाच. गुरं-मेंढ्या मोजताना दर विसाला काठीवर एक खाच पाडत, त्यावरून खाचेचाच अर्थ वीस झाला असं मानतात. क्रिकेटच्या सुरुवातीच्या काळात धावाही काठीवर खाचा पाडूनच मोजत. म्हणजे 'स्कोर किती झाला?' याचा शब्दशः अर्थ 'खाचा किती झाल्या?'

इंग्लंडच्या सरकारी खजिन्याचा हिशेबही शतकानुशतकं अशाच खाचांच्या काठ्यांवर चालला. 1826 मध्ये ती पद्धत बंद पडली. साठलेल्या काठ्यांचं करायचं काय? 16 ऑक्टोबर 1834 रोजी त्या हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या भट्ट्यांमध्ये जाळायला घेतल्या. भट्ट्या प्रमाणाबाहेर तापल्या आणि संध्याकाळी संसद पेटली. जुनी दप्तरं जाळताना कचेरीच जाळणारे लोक आपल्याकडेच असतात असं नाही.

आता 'टू'च्या स्पेलिंगमधला तो मुका डब्ल्यू. पाठ करताना तो सगळ्यांनाच छळतो, पण तो उगाच नाही. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी या सगळ्या ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला 'द' जर्मानिक शाखेत 'ट' झाला. म्हणून आपलं 'दश' तिकडे 'टेन', आपला 'दंत' तिकडे 'टूथ' आणि 'द्व'चं 'ट्व'. त्यातला 'व' म्हणजेच हा डब्ल्यू. 'टू' म्हणताना इंग्रजांच्या जिभेने तो गिळला, पण ट्वेल्व्ह, ट्वेन्टी, ट्विन यांत तो अजून स्पष्ट ऐकू येतो. मराठीतही जवळजवळ हेच घडलं. 'दोन'मधून 'व' गेला. 'बारा', 'बावीस', 'बत्तीस'मध्ये मात्र तो टिकला, फक्त 'ब' होऊन, आणि टिकताना 'द'लाच घालवून बसला.