हुन्नर हातात, गिऱ्हाईक कुणाच्या हातात? बेळगाव सीमाभागातल्या कारागिरीची पार्श्वभूमी

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराघरांत एकच विषय निघतो. पोराला आता कुठं घालायचं? पीयूसी (अकरावी-बारावी), डिप्लोमा की आयटीआय? बसलेल्यांपैकी कुणीतरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या माणसाचा दाखला देतं: टर्नर, म्हणजे लेथवरचा कामगार, म्हणून लागला होता, आज स्वतःचं मशीन शॉप आहे. त्याच बैठकीत वडगाव-खासबागचा विणकरही निघतो, ज्यानं माग विकला आणि मुलांना त्या धंद्याच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही. दोघंही हुन्नरी. दोघांनीही लहानपणापासून हात घासलेला. तरी एकानं घरावर मजला चढवला आणि दुसऱ्याचा माग भंगारवाल्याकडं गेला. हे असं का झालं, याचं उत्तर दोनशे वर्षांच्या घडामोडींत आहे.

माझं मत आधीच सांगतो. फरक हुन्नराचा कधीच नव्हता. कच्चा माल कुणाचा, भाव कोण ठरवतं आणि गिऱ्हाईक नेमकं कुणाला ओळखतं, या तीन गोष्टींवर सीमाभागातल्या कारागिरांची कमाई ठरत आली.

इंग्रजांनी १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेतला, पुढं इथं छावणी वसली आणि १८३८ मध्ये बेळगाव जिल्ह्याचं ठाणं झालं. शेजारचं शहापूर मात्र पटवर्धनांच्या सांगली संस्थानात राहिलं. तिथली पेठ आणि तिथले माग आधीपासूनचे होते. छावणीनं वेगळीच मागणी आणली. पलटणीला शिंपी हवा, बूट शिवणारा हवा, सुतार, लोहार, पाववाला हवा, आणि मोबदला रोख. बलुत्यात वर्षाकाठी धान्य घेणाऱ्या कारागिराला हा मोठा बदल होता, कारण इथं कामाचा दर कामागणिक ठरू लागला. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, आणि मुंबईचा माल बेळगावात व बेळगावचा माल बाहेर जाण्याची सोय झाली.

त्याच दशकात इथं जे घडलं ते प्रत्येक मराठी पोरानं नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे, जन्म १८६९. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून ती वाट सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी डावललं गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्स हे सायकलचं दुकान सुरू झालं होतं आणि भाऊ रामूअण्णा त्यात बरोबर होते. शहरातला किर्लोस्कर रोड आजही तेच नाव सांगतो.

सायकली परदेशी, त्यात स्वतःचं असं काही नव्हतं. म्हणून लक्ष्मणरावांनी कडबा कापायचं यंत्र बनवायला घेतलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. ही दोन वर्षं मला फार मोलाची वाटतात. माल तयार होता, कारागिरी पक्की होती, आणि तरीही गिऱ्हाईक मिळवणं हे वेगळं काम आहे हे त्या काळात कळलं. पुढं नगरपालिकेला ठळकवाडी, म्हणजे आजची टिळकवाडी, हे उपनगर वसवायचं होतं आणि कारखान्याला जागा सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढं आले. बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी देऊन त्यांनी कारखाना आपल्या संस्थानात नेला. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावचं नुकसान झालं, यात शंका नाही. पण त्या कारखान्यातून ओतकाम, फिटिंग, टर्निंग शिकून निघालेल्यांचे हात दक्षिण महाराष्ट्रभर पसरले. कोल्हापूर-सांगलीकडं ऑइल इंजिनांचे कारखाने निघाले. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि तिचे लेथ या पट्ट्यातल्या वर्कशॉपांत पोहोचले. बेळगाव या दोन टोकांच्या मधोमध, पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर. दोन्हीकडचं काम इथं येऊ लागलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाचा इतिहास इथं मांडायचा नाही, फक्त त्याचा पोटापाण्याशी असलेला धागा सांगतो. १९६३ च्या कायद्यानं कन्नड राजभाषा झाली, कचेरीचा कारभार त्या भाषेत गेला आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला तलाठी, कारकून, शिक्षक या नोकऱ्या आधीच्या पिढीसारख्या सहज राहिल्या नाहीत. लेथवर मात्र परीक्षा मायक्रोमीटरची असते. वर्कशॉपच्या फ्लोअरवर मराठी, कन्नड, उर्दू एकाच वाक्यात मिसळतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. अनेक मराठी घरांतली मुलं आयटीआयकडं वळली त्यामागं हे एक कारण आहे. एकमेव नव्हे, शेतीचे तुकडे होत गेले हे दुसरं, आणि माझ्या मते त्याहून मोठं.

१९७० च्या सुमारास यमनापूरजवळ इंडालचा ॲल्युमिनियम कारखाना सुरू झाला. उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा इथं औद्योगिक वसाहती वाढत गेल्या. १९७९ मध्ये उद्यमबागेतच गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. पण मालक घडले ते मुख्यतः फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि मशीन शॉप यांच्या जोडीतून, आणि ही जोडी कशी चालते हे समजल्याशिवाय टर्नरचा मालक कसा होतो हे कळत नाही.

फौंड्रीत आधी पॅटर्न, म्हणजे हव्या त्या भागाचा नमुना लागतो, लाकडाचा किंवा धातूचा. त्यावरून वाळूचा साचा, आत पोकळी हवी तिथं कोअर. मग वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. पूर्वी हार्ड कोकवर चालणारी क्युपोला भट्टी असे, आता बहुतेक ठिकाणी विजेवरची इंडक्शन फर्नेस. साचा फोडून कास्टिंग काढायचं, फेटलिंग करून कडा साफ करायच्या. एवढ्यानं काम संपत नाही. पंपाची बॉडी असो की व्हॉल्व्हची, तिला भोकं, आटे, सपाट पृष्ठभाग ड्रॉइंगबरहुकूम हवेत, आणि ते काम लेथ, मिलिंग, आता संगणकावर चालणाऱ्या सीएनसी-व्हीएमसी मशीनवर होतं. फौंड्री घालायला भांडवल मोठं लागतं. मशीनिंगला एक गाळा आणि एक जुना लेथ पुरतो. इथंच कामगाराला वाट सापडली. आठ-दहा वर्षं एका मालकाकडं काढलेला टर्नर सेकंडहँड मशीन घेऊन भाड्याच्या गाळ्यात बसतो आणि पहिलं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर करून द्यायचं काम, त्याला बहुधा जुना मालकच देतो, कारण त्याच्या हातून पीस रिजेक्ट होत नाही हे त्यानं पाहिलेलं असतं. पहिलं गिऱ्हाईक ओळखीतून येतं. दुसरं आणि तिसरं मिळवणारा टिकतो. मशीनचा तासाचा दर, टूल किती पीसनंतर बदलावं लागतं, विजेचं बिल, रिजेक्शन, हे सगळं धरून भाव सांगता येणारा माणूस पुढं जातो. हात उत्तम पण भाव अंदाजानं सांगणारा मात्र दिवसरात्र मशीन फिरवूनही हप्त्यातच अडकून राहतो.

या कामाचा दर्जा पुढं बराच वर गेला. मच्छेत पॉलिहायड्रॉननं १९८० च्या दशकापासून हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवले, ज्यांत माप मायक्रॉनमध्ये राखावं लागतं. सचोटीनं धंदा करूनही कारखाना चालतो, हे सुरेश हुंद्रे यांनी तिथं दाखवून दिलं, आणि बेळगावातल्या कित्येक लहान उद्योजकांनी ते डोळ्यांसमोर ठेवलं. हत्तरगीजवळ एकस कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात आता विमानांचे सुटे भाग तयार होतात. लहान फौंड्र्यांना चाचणीची प्रयोगशाळा एकेकट्यानं परवडत नाही, म्हणून उद्यमबागेत बेळगाव फौंड्री क्लस्टर झालं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी साध्या लेथवर बसलेला माणूस आज मुलाला सीएनसीचं प्रोग्रॅमिंग शिकवतो तेव्हा त्यामागं ही सगळी साखळी असते.

आता दुसरी बाजू. शहापूर, वडगाव, खासबाग, सुळेभावी इथले विणकर हुन्नरात कुणापेक्षा कमी नव्हते. शहापूरच्या साड्यांना एके काळी दूरदूरची पेठ होती. हातमाग जाऊन यंत्रमाग आले, उत्पादन वाढलं, पण व्यवहार तोच राहिला. सूत व्यापाऱ्याचं, डिझाइन व्यापाऱ्यानं दिलेलं, साडी तयार झाली की तीही व्यापाऱ्याची. विणकराकडं माग आणि घरातली सगळी माणसं. बायका-मुलं कांड्या भरणार, आणि हातात साडीमागं मजुरी. दुकानात साडी नेसणारीला हा विणकर माहीत नाही, आणि विणकराला ती माहीत नाही. सुरतेचा स्वस्त माल आला तेव्हा व्यापाऱ्यानं माल बदलला, विणकराला बदलायला काहीच नव्हतं. २०१९ चा पूर आणि २०२० चा लॉकडाऊन लागोपाठ आले आणि अनेक घरांतले माग कायमचे थांबले. मला हे लिहिताना वाईट वाटतं, कारण यात कारागिराच्या हाताची एकही चूक नाही.

चपलेची गोष्ट याच वळणाची, पण तिच्यात थोडी उमेद आहे. कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या चपला मोठ्या संख्येनं अथणी, मदभावी, निपाणी भागात तयार होतात. ढोर समाजातले कारागीर बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावत. चर्मकार घरातले पुरुष तळ कापतात, शिवतात, आणि वेणी व कान यांचं नाजूक काम बहुतेक बायका करतात. खिळा नाही, शिलाई कातडी वादीची. माल कोल्हापूरच्या दुकानात जातो आणि तिथं गिऱ्हाईक दुकानदाराला ओळखतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अथणीतल्या कारागीर बायकांचे गट बांधून ‘टोहोल्ड’ या नावानं थेट परदेशी माल पाठवायचा प्रयत्न झाला. बायकांच्या नावावर पैसे जमा होऊ लागले, आणि नुसत्या मजुरीच्या हिशेबात हा फार मोठा फरक होता. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकाच्या लिडकार या दोन चर्मोद्योग महामंडळांना मिळून, दोन्ही राज्यांच्या चार-चार जिल्ह्यांसाठी. सीमाप्रश्न न्यायालयात असताना चपलेनं दोन्ही राज्यांना एका कागदावर आणलं, याचा मला आनंद आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला कारागिरांचं नाव न घेता दाखवल्या. गदारोळ झाल्यावर कंपनीनं त्यांचं मूळ मान्य केलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोन्ही महामंडळांशी करार केला. वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात त्यातून जोडामागं किती पडतं, करार मोजायचा तो त्यावरूनच.

खानापूरची लाल माती कौलं, विटा आणि मडकी यांना चांगली, आणि खादी ग्रामोद्योगाचं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्र तिथं पूर्वीपासून आहे. सिमेंटच्या स्लॅबनं कौलांचा धंदा खाल्ला. उलट बेळगावातल्या मांडे करणाऱ्या बायका बघा. उलट्या तापलेल्या भांड्यावर हातभर पातळ पोळी टाकून गरम असतानाच घडी घालायची, चुकली की गेली. लग्नघर थेट त्यांच्याकडं येतं, आगाऊ देऊन जातं, भाव बाई सांगते. धंदा लहान, पण तिन्ही गोष्टी तिच्याच हातात.

भांडवलाचं काय? १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर या भागात पतसंस्था आणि सहकारी बँका रुजल्या. पायोनियर अर्बन बँक, मराठा बँक यांच्यासारख्या संस्थांचा आणि गल्लीतल्या भिशीचा पहिल्या लेथमागं मोठा हात आहे. राष्ट्रीयीकृत बँक तारण मागायची. इथं दोन जामीनदार आणि माणसाची ओळख चालायची. १७ सप्टेंबर २०२३ पासून पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, कुंभार, चर्मकार, शिंपी अशा अठरा कामांना पाच टक्क्यांनी आधी एक लाख आणि नंतर दोन लाख रुपये कर्ज मिळतं, अवजारांसाठी पंधरा हजार वेगळे. मागावरचा विणकर मात्र त्या अठरांत नाही.

जॉबवर्क करणाऱ्याचं आजचं सर्वांत मोठं दुखणं पेमेंटचं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यानंतर आयकराचा नियमही बदलला: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला, प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून दाखवता येत नाही. याचा उपयोग व्हायला उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) हवी, ऑर्डर कागदावर हवी आणि डिलिव्हरी चलनावर सही हवी. नवीन गाळा घेणारा मुलगा मशीनची चौकशी आधी करतो आणि या तीन कागदांची फार उशिरा. ज्याचं सगळं काम एकाच कंपनीचं आहे तो कायदा माहीत असूनही गप्प बसतो, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर जाते. तीन-चार ठिकाणांहून काम घेणारा तेवढा नोटीस पाठवू शकतो, आणि उद्यमबागेत पाठवणारेही आहेत.