माइलेजचा भत्ता वेगळा, माइलेजची करसवलत वेगळी

आपल्याकडे 'माइलेज किती?' असं विचारलं की गाडी लिटरला किती जाते ते सांगायचं. ब्रिटनमध्ये नोकरीला लागलं की हाच शब्द पगाराच्या बोलण्यात येतो आणि अर्थ बदलतो: कामासाठी स्वतःची गाडी जितके मैल चालवली, त्याचे पैसे. गोंधळ पुढे होतो. 'माइलेज क्लेम केलं' असं म्हणताना कुणी कंपनीकडून मिळणाऱ्या भत्त्याबद्दल बोलत असतं, तर कुणी कर खात्याकडून मिळणाऱ्या सवलतीबद्दल. पैकी दुसरी गोष्ट माहीतच नसल्यामुळे कितीतरी जणांचे हक्काचे पैसे राहून जातात, म्हणून हे लिहितो आहे.

भत्ता कंपनी देते. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, टायरची झीज, सगळं त्या मैलामागच्या दरात धरलेलं असतं. त्याची बिलं पुन्हा वेगळी लावता येत नाहीत. कर खात्यानं, म्हणजे एचएमआरसीनं, करमुक्त भत्त्याला मर्यादा घातली आहे: करवर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स, त्यापुढे मैलाला २५ पेन्स. गाडी विजेवरची असली तरी दर तोच. ही मर्यादा आहे, सक्ती नाही. कंपनी ३० पेन्स देईल, २० देईल, एकही देणार नाही.

इथे सवलत कामाला येते. कंपनीनं मर्यादेपेक्षा कमी दिलं असेल, तर मधल्या फरकाएवढं उत्पन्न करातून वगळून मागता येतं. समजा, घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करणारी एखादी ताई वर्षाला ६,००० मैल गाडी चालवते आणि कंपनी तिला २५ पेन्स देते. मर्यादेप्रमाणे २,७०० पौंड होतात, हातात आले १,५००. फरक १,२०० पौंडांचा. पण कर खातं तिला १,२०० पौंड देत नाही. ती २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्यावरचा कर, म्हणजे २४० पौंड, परत मिळतो. '४५ पेन्स सरकार भरून देतं' हा समज इथेच चुकतो. आणि तिचं उत्पन्न इतकं कमी असेल की कर कापलाच गेला नाही, तर परत मिळण्यासारखंही काही नाही. ज्यांना खर्च सर्वांत जड जातो त्यांनाच ही सवलत पोचत नाही, हे मला मनापासून खटकतं. ४५ पेन्सांचा दर २०११ च्या एप्रिलमध्ये आला. २०२४-२५ च्या करवर्षातही तो तेवढाच होता. मधल्या काळात पेट्रोल आणि विमा कुठे गेले ते प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे.

उलट, कंपनीनं मर्यादेपेक्षा जास्त दिलं तर वरच्या रकमेवर कर लागतो. नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचा, हिशोब मात्र निराळा: तिथे १०,००० मैलांनंतरही ४५ पेन्सच धरतात. त्यामुळे १२,००० मैलांना सरसकट ४५ पेन्स मिळाले, तर ४०० पौंडांवर आयकर लागेल, नॅशनल इन्शुरन्स लागणार नाही.

सोबत सहकारी बसला असेल तर कंपनी मैलामागे माणशी ५ पेन्स करमुक्त देऊ शकते. तिनं नाही दिले तर त्याची सवलत मागता येत नाही.

आयटीतल्या मंडळींना दर महिन्याला ठरावीक 'कार अलाउन्स' मिळतो, त्याला यात मिसळू नका. तो पगारच, त्यावर कर कापला जातो. मैलांचे वेगळे पैसे मिळत नसतील, तर कामाच्या मैलांवर पूर्ण ४५ पेन्सांच्या हिशोबानं सवलत मागता येते. गाडी कंपनीची असेल तर नाही.

आणि घर ते नेहमीचं ऑफिस हे मैल दोन्हीकडे मोजत नाहीत. क्लायंटकडे तात्पुरतं जाणं, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणं, हे कामाचे मैल.

भत्त्यासाठी कंपनीचा फॉर्म भरायचा. सवलतीसाठी कर खात्याचा पी-८७ फॉर्म, आणि कामाच्या खर्चाचा दावा २,५०० पौंडांच्या वर गेला तर सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः भरायचं वर्षाचं कर विवरणपत्र. दोन्हीकडे नोंद लागते: तारीख, कारण, कुठून कुठे, पोस्टकोडसकट, आणि किती मैल. मागचं राहिलं असेल तर करवर्ष संपल्यापासून चार वर्षं मुदत असते. २०२४-२५ चा दावा ५ एप्रिल २०२९ पर्यंत करता येईल. वही ठेवली नसेल तर जुन्या ड्यूटीचे रोटा, म्हणजे पाळ्यांचे तक्ते, आणि फोनमधलं कॅलेंडर काढून बसा, बरेच मैल त्यातून सापडतात.