सल्यूत आणि अल्माझ: पाटी एक, दुकानं दोन

१९८४ ला राकेश शर्मा सल्यूत-७ या सोव्हिएत अवकाश स्टेशनवर जाऊन आले हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहिती असतं. पण सल्यूत नावाची गंमत अशी की सोव्हिएतवाल्यांनी ही एकच पाटी दोन वेगळ्या दुकानांवर लावली होती. एक डॉस, म्हणजे खरंखुरं संशोधनाचं स्टेशन, आणि दुसरं अल्माझ, सरळसरळ लष्कराचं, वरून फोटो काढायला. १, ४, ६, ७ नंबरची डॉस, २, ३, ५ नंबरची अल्माझ, आणि बाहेर सांगताना सगळीच "सल्यूत".

बरं, दिसायलाही सारखी, कारण मुळात अल्माझ आधीचं. चेलोमेई या रॉकेट डिझायनरच्या ब्युरोत (म्हणजे डिझाइन ऑफिसात) त्याचं काम चालू होतं, तेवढ्यात १९६९ ला अमेरिकन चंद्रावर उतरले, मग घाई झाली आणि कोरोलेव्ह या दुसऱ्या रॉकेट डिझायनरच्या जुन्या ब्युरोने अल्माझची बॉडी उचलली, आत माणसं नेणाऱ्या सोयुझ यानाचं सामान बसवलं आणि एप्रिल १९७१ मध्ये सल्यूत-१ म्हणून सोडून दिलं. म्हणजे जे साधं स्टेशन त्याचाही सांगाडा लष्करीच! त्यामुळे "हे सगळं मिलिटरीचंच आहे" म्हणणाऱ्यांना अगदीच येडं म्हणता येत नाही, पण ते पूर्ण बरोबरही नव्हते.

मग ओळखायचं कसं? उंचीवरून. सल्यूत-३ साधारण २७० किमीवर फिरायचं, सल्यूत-४ साधारण ३५० वर. खाली राहिलं की हवेचं घर्षण जास्त, इंधन जास्त जळतं, म्हणजे सूर्याचा अभ्यास करायचाय तर कोण कशाला खाली राहील? खाली राहायचं ते जमिनीचे फोटो स्पष्ट यावेत म्हणून. सल्यूत-४ वर सूर्य बघायला दुर्बीण होती, आणि सल्यूत-३ वर भलामोठा कॅमेरा, फिल्म खाली पाठवायला वेगळी कॅप्सूल, आणि चक्क २३ मिमीची तोफ, विमानाच्या तोफेवरून बनवलेली!! नेम धरायचा तर अख्खं स्टेशन वळवायचं. २४ जानेवारी १९७५ ला ती जमिनीवरून कमांड देऊन उडवली, आत कोणी नव्हतं (हादऱ्याने काय होईल याची धास्तीच होती), आणि त्यानंतर स्टेशनच खाली पाडून टाकलं.

दुसरी खूण रेडिओची. इंग्लंडमध्ये केटरिंगच्या एका शाळेत जेफ्री पेरी नावाचे फिजिक्सचे सर पोरांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे सिग्नल ऐकत बसायचे, आणि त्यांच्या लक्षात आलं की सल्यूत-३ हेरगिरीच्या उपग्रहांसारख्या फ्रिक्वेन्सीवर बोलतंय. मॉस्कोने काहीही छापू दे, रेडिओने चुगली केलीच.

एक खूण मात्र जपून वापरायची, ती म्हणजे माणसांची. अल्माझवर जाणारे दोघंही लष्करी, उदा. सल्यूत-३ वरचे पोपोविच आणि आर्त्युखिन, तर सल्यूत-४ वर गुबारेव्हसोबत ग्रेच्को हे सिव्हिलियन इंजिनिअर होते. पण नुसता गणवेश बघून ठरवायला गेलात तर राकेश शर्माही एअरफोर्सचे स्क्वाड्रन लीडर, आणि त्यांनीही वरून भारताचे फोटो काढले, तरी सल्यूत-७ डॉसच होतं.