पार्श्वभूमी : व्हिसा हा व्यापाराचा विषय कसा झाला

भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांची उद्योगसंघटना नॅसकॉम १९८८ मध्ये ३८ सदस्यांनिशी उभी राहिली, तेव्हा परदेशी बाजार म्हणजे जवळपास अमेरिकाच होती. त्याआधी संगणक आयात करायचा तर बदल्यात सॉफ्टवेअर निर्यातीची हमी द्यावी लागे. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात या व्यवसायाची सुरुवात सत्तरच्या दशकातच झाली होती. १९८४ आणि १९८६ च्या धोरणांनी आयात सोपी केली. पण कोड समुद्रापार पाठवायला वेगवान लाइन नव्हती. म्हणून प्रोग्रामरच विमानात बसत.

खरा गुंता इथला आहे. समजा, पुण्याचा एक प्रोग्रामर सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेला. पगार भारतीय कंपनीचा, बिल तासांच्या हिशेबाने अमेरिकी ग्राहकाला. टीकाकार याला ‘बॉडीशॉपिंग’ म्हणत, कंपन्या ‘ऑनसाइट सेवा’ म्हणत आणि सरकारी आकडेवारीत ती कमाई ‘सॉफ्टवेअर निर्यात’ म्हणून धरली जाई. अमेरिकी कायद्याच्या लेखी मात्र तो एच-१बी व्हिसावर आलेला परदेशी कामगार. हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला, वर्षाला ६५,००० च्या मर्यादेसह.

संघटनेने ठरवले की हा विषय स्थलांतराचा नव्हे, सेवा-व्यापाराचा म्हणून मांडायचा. त्याला आधारही होता. १९९५ पासून लागू झालेल्या गॅट्स या सेवा-व्यापाराच्या जागतिक करारात सेवा देण्यासाठी माणसाने तात्पुरते परदेशी जाणे हा व्यापाराचाच एक प्रकार मानला आहे, आणि अमेरिकेने आपल्या वचनपत्रात तोच ६५,००० चा आकडा लिहून दिला आहे. ही मांडणी पूर्णपणे योग्य होती असे मला वाटते. पाच-दहा माणसांच्या कंपनीला वॉशिंग्टनमध्ये असा मुद्दा एकटीने लढवता आला नसता. मात्र ज्याची नोकरी गेली त्या अमेरिकी प्रोग्रामरला ‘व्यापार’ हा शब्द कधीच पटला नाही, आणि त्याची नाराजी खरी होती.

मधल्या काळात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांच्या उपग्रह जोडण्या आल्या, वायटूकेचे (२००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणून करायच्या दुरुस्त्यांचे) काम आले, बरेचसे काम पुण्या-बंगळुरूतूनच होऊ लागले. तरी ग्राहकासमोर बसणारा माणूस लागतच होता. १९९९ साठी मर्यादा १,१५,००० झाली, २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,०००, आणि २००४ च्या आर्थिक वर्षात पुन्हा ६५,०००.

त्यानंतर वाद आकड्यावरून शुल्कावर सरकला. २०१० मध्ये, ज्या कंपन्यांचे अमेरिकेत ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अशा व्हिसांवर आहेत त्यांच्यासाठी एच-१बीवर २,००० डॉलरचे जादा शुल्क आले. २०१५ च्या अखेरीस ते ४,००० झाले. कायद्यात देशाचे नाव नव्हते, पण फटका मुख्यतः भारतीय कंपन्यांना बसला. मार्च २०१६ मध्ये भारताने हा वाद जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडे नेला. व्हिसा हा व्यापार आहे, हीच त्या तक्रारीची भूमिका होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने १,००,००० डॉलरचे शुल्क जाहीर केले. ते नव्या अर्जांसाठी आहे, आधीच व्हिसा असलेल्यांसाठी नाही. पण त्या बाजारात पहिल्यांदाच शिरू पाहणाऱ्या छोट्या कंपनीला आपला माणूस इथून पाठवायचा असेल, तर तिचा प्रत्येक अर्ज नवाच असतो.