गोफण : साहित्याची निवड आणि झीज

गोफण : हाताने फिरवून दगड किंवा मातीचा गुंडा लांब फेकण्याचे दोरीचे साधन. दोन दोऱ्या आणि त्यांच्या मध्ये गुंडा ठेवण्याचा रुंद पट्टा, म्हणजे झोळी, एवढेच तिचे भाग. एका दोरीच्या टोकाचा फासा बोटात अडकवतात. दुसरी, सुटी दोरी त्याच मुठीत धरून नेमक्या क्षणी सोडतात.

इंदूरच्या आसपास, सांवेर-देपालपूरच्या काळ्या रानात, ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखायला गोफण लागे. १९७०च्या दशकापासून खरिपाची ज्वारी हटून सोयाबीन पसरत गेले. इंदुरात १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही निघाले. सोयाबीनला पाखरांचा उपद्रव मुख्यतः कोंब वर येतानाचा. पीक भरात असताना राखणीच्या माळ्यावर (मचाणावर) बसायची गरज उरली नाही. त्याबरोबर घरी दोरी वळणेही मागे पडले. आता गोफण करणारा बाजारातून नायलॉनची दोरी आणतो, कारण ती ‘मजबूत’ असते. चूक इथूनच सुरू होते.

गोफण सहसा ताणाने तुटत नाही, घासून तुटते. ७० ग्रॅमचा गुंडा १ मीटर त्रिज्येवर सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरत असेल, तर एकूण ताण ६३ न्यूटन, म्हणजे सुमारे साडेसहा किलो वजनाइतका येतो, आणि तोही दोन दोऱ्यांत वाटला जातो. ४ मिलिमीटर जाडीची साधी सुती दोरीदेखील एवढे सहज पेलते. त्यामुळे दोरी किती किलो तोलते हे विचारण्यापेक्षा ती कुठे घासणार आहे हे पाहावे. झिजणाऱ्या जागा तीन : झोळीला दोरी मिळते तो सांधा, बोटातला फासा आणि सुट्या दोरीचा शेंडा.

यांत सांधा सर्वांत दगाबाज. चामड्याच्या झोळीला भोक पाडून दोरी ओवली की प्रत्येक फेकीला ती भोकाच्या कडेवर मागेपुढे घासते. सुरीने चीर दिली असेल तर चिरेच्या टोकापासून चामडे फाटत जाते. म्हणून पंच नावाच्या हत्याराने गोल भोक पाडावे, काठापासून निदान ८ मिलिमीटर आत, आणि त्यामागे चामड्याचा आणखी एक तुकडा शिवावा. दोरी सैल ओवण्यापेक्षा वेढा घेऊन आवळावी, म्हणजे ती सरकत नाही. जे सरकत नाही ते घासतही नाही. सांध्यालगतची ३ सेंटीमीटर दोरी मेण लावलेल्या दोऱ्याने जवळजवळ वेढे देऊन गुंडाळावी. हे वेढे झिजले की नवे घालता येतात, आतली दोरी शाबूत राहते. झोळी थरांची करण्याची युक्ती जुनीच आहे. ग्रीसमधल्या अकीयन गोफणकऱ्यांची झोळी एकपदरी नसून तीन थरांची आणि दाट टाके घालून ताठ केलेली असे, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो.

झोळीला २ ते २.५ मिलिमीटर जाडीचे, झाडांच्या सालीत कमावलेले म्हशीचे किंवा गाईचे चामडे चांगले. माप १५ सेंटीमीटर लांब, ६ रुंद. शेळी-मेंढीचे पातळ कातडे झोळीला नको. गुंड्याने ते ताणून पिशवीसारखे लोंबते आणि नेम बिघडतो. चामड्याला वर्षातून दोनदा एरंडेल चोळावे, तेही बोटभरच. जास्त तेलाने चामडे मऊ पडते आणि टाक्यांची भोके मोठी होतात.

दोरीसाठी बोरूचा ताग (सण) सर्वांत भरवशाचा. ओल्यातही तो टिकतो, म्हणून मासेमारीची जाळी त्याची करत. बाजारात ‘सुतळी’ म्हणून मिळतो तो बहुधा बंगालकडचा ताग, म्हणजे ज्यूट. तो दिसायला तसाच, पण भिजला की कमकुवत होतो आणि ओला राहिला की कुजतो. सूत हाताला मऊ, ओले झाल्यावर उलट थोडे बळकट, मात्र वाळायला वेळ लावते आणि माळव्याच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. अंबाडी चालते, पण हाताला खरखरीत. ऊन-पावसात सतत ठेवायची असेल तर पॉलिएस्टरची विणलेली दोरी घ्यावी. ती कमी ताणते आणि उन्हाला जास्त टिकते. नायलॉन ताणतो, त्यामुळे गुंडा उशिरा सुटतो. घामट मुठीत निसटतो. आणि नायलॉनवर नायलॉन घासला की उष्णतेने तंतू वितळून चिकटतात. पिवळी-निळी स्वस्त प्लास्टिकची दोरी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, उन्हात ठिसूळ होऊन भुसा सोडते. ती घेऊच नये.

पीळ घातलेल्या दोरीपेक्षा वेणी बरी. गोफण फिरताना झोळी स्वतःभोवतीही वळते आणि दोन पदरी पिळाची दोरी एका बाजूने उकलत जाते. तीन पदरी वेणी उकलत नाही. ९० सेंटीमीटर वेणीसाठी प्रत्येक पदर सुमारे १२५ सेंटीमीटर धरावा, पदर सारख्या ताणाने ओढावेत. एक पदर सैल राहिला तर सगळा भार उरलेल्या दोघांवर येतो आणि तेच आधी तुटतात.

फाशाच्या आतल्या बाजूला चामड्याची पट्टी किंवा दोऱ्याचे वेढे द्यावेत. बोटाचा घाम तिथे सगळ्यात जास्त मुरतो. नायलॉनचे टोक जाळून बंद करू नये, जळलेला कडक मणी बोट कापतो. सुट्या दोरीचा शेंडा चाबकासारखा फटकारतो, तो फाटणारच. पाखरे उडवायला तो ‘फाट्’ आवाजच हवा असतो. म्हणून शेवटचा वीतभर भाग वेगळ्या तागाचा जोडावा आणि हंगामात दोनतीनदा बदलावा.

गुंड्यानेही गोफण झिजते. खडीचा काळा दगड धारदार असतो, झोळी आतून चिरतो. त्यापेक्षा शिप्रा, चंबळ किंवा नर्मदेच्या पात्रातले गोल गोटे घ्यावेत. काळ्या मातीत दगडच कमी, म्हणून मातीचे गुंडे वळतात. नुसत्या काळ्या मातीचा गुंडा वाळताना भेगाळतो, कारण ती माती ओली फुगते आणि सुकली की आकसते. चार भाग मातीला एक भाग बारीक वाळू आणि थोडा भुसा मिसळावा, सावलीत आठवडाभर वाळवावे. फुटलेल्या गुंड्याची माती झोळीच्या शिवणीत अडकून दोरा कातरते. वापरानंतर झोळी उलटी करून झटकावी.

हंगामाआधी झोळीत पाय रोवून दोन्ही दोऱ्या दोन हातांनी ओढाव्यात. तागाचा करकर आवाज आला, तंतूंचे केस उभे दिसले किंवा सांध्याजवळ जाडी एक-तृतीयांश कमी झाली, तर ती दोरी टाकावी. सांधा तुटून गुंडा सुटला तर तो मागेही जातो, आणि मागे बहुधा माणसे असतात. गोफण गुंडाळून न ठेवता खुंटीला टांगावी, भिंतीपासून लांब. एरंडेल लावलेल्या चामड्यावर उंदीर आधी येतात.