वैशाखातले टिलवे

मार्चअखेर हतनूर धरणावरचे पट्टकादंब आणि चक्रवाक हे हिवाळी पाहुणे पक्षी उत्तरेकडे निघून गेले की पक्षीनिरीक्षणाचा हंगाम संपला, असे खान्देशात सर्रास गृहीत धरले जाते. माझ्या मते मात्र सर्वांत पाहण्याजोगे आठवडे त्यानंतर, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत येतात. समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीमुळे दिवसातून दोनदा चिखल उघडा पडतो. तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या या जलाशयात तो वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की, काठाकाठाने उघडा पडत जातो. त्या ओल्या गाळातल्या कीटकांच्या अळ्यांवर छोटे टिलवे आणि तुतवार हे चिखलात वावरणारे लहानखुरे स्थलांतरित पक्षी दिवसभर चोची मारत असतात.

हे पक्षी इतक्या उशिरापर्यंत का थांबतात, याचे उत्तर त्यांच्या विणीच्या ठिकाणी आहे. चक्रवाकांची वीण लडाख, तिबेट आणि मध्य आशियात होते. छोट्या टिलव्याची मात्र थेट आर्क्टिक टुंड्रामध्ये, जिथला बर्फ बव्हंशी जूनमध्ये वितळतो. त्याआधी पोहोचलेल्या पक्ष्याला तिथे ना अन्न मिळेल, ना घरट्यापुरती मोकळी जमीन. म्हणून अवघ्या 20 ते 30 ग्रॅम वजनाचा हा पक्षी जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हातही खात राहतो आणि हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवतो.

याच काळात त्याचा वेशही पालटतो. हिवाळ्यातल्या राखाडी पिसांच्या जागी तांबूस कडांची पिसे येतात, गाल आणि छातीच्या बाजू तांबूस होतात, आणि पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी फिकट रेघ उमटते. पाय काळे असतील तर तो छोटा टिलवा; पिवळसर-हिरवट पाय आणि मातकट पाठ असेल तर टेमिंकचा टिलवा.

निरीक्षण सकाळी आठच्या आत, सूर्य पाठीशी ठेवून करावे, कारण त्यानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतले चित्र धूसर होते. गाळात उतरू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे: पक्ष्यांना विनाकारण उडवले की जमवलेली चरबी खर्ची पडते, शिवाय उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय या पक्ष्याची अंडी जमिनीवरच असतात आणि ती वाळूत सहज दिसत नाहीत.

जूनमध्येही एखादा राखाडी टिलवा काठावर दिसला, तर तो बहुधा पहिल्याच वर्षाचा, अजून वीण न करणारा पक्षी असतो. असे काही पक्षी उत्तरेला न जाता उन्हाळा इकडेच काढतात.