थेरपिस्टची डायरी कशी भरते

"थेरपी एकदा धरली की वर्षानुवर्षं सुटका नाही." चांगल्या शिकलेल्या घरांतही हे इतक्यांदा ऐकलंय की यामागचं गणित मांडायलाच हवं.

समजा, मनाच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या एका थेरपिस्टकडे दर महिन्याला चार नवी माणसं येतात. तिघं दोन-दोन महिने येतात. चौथ्याचं दुखणं जुनं, खोलवरचं. तो दोन वर्षं येतो. दुसऱ्या महिन्याअखेर डायरीत आठ नावं असतात : सहा थोड्या दिवसांची, दोन लांब पल्ल्याची. पुढे थोड्या दिवसांचे तीन येतात, तीन जातात. त्यांचा आकडा सहावरच राहतो. लांब पल्ल्याचा मात्र दरमहा एक वाढतो आणि जात कुणीच नाही. दोन वर्षांनी डायरीत तीस नावं, त्यांतली चोवीस लांब पल्ल्याची! दारातून येताना जे २५ टक्के होते, ते डायरीत ८० टक्के झाले.

अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम हेच सांगतो : आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी मुक्काम. इथे मुक्काम सरासरी साडेसात महिने, म्हणून चार गुणिले साडेसात, तीस. पण ही सरासरी येणाऱ्यांची. डायरीतल्या तीस जणांच्या एकूण मुक्कामाची सरासरी काढा, ती येते १९.६ महिने! जो जास्त काळ राहतो, तो मोजणाऱ्याच्या नजरेस जास्त वेळा पडतो. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या संशोधकांनी १९८४ साली याला 'चिकित्सकाचा भ्रम' म्हटलं. रोज जुनीच दुखणी समोर आली की अनुभवी डॉक्टरलाही आजार असतो त्याहून चिवट वाटू लागतो.

मांत्रिकाकडे हाच दोष उलटा चालतो. ज्याला गुण येतो तो नारळ घेऊन परततो. ज्याला येत नाही तो तिकडे फिरकत नाही, आणि मोजलाही जात नाही.

लवकर थांबलेले सगळे बरे झाले, असंही नाही. २०१२ साली ६६९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सुमारे पाचातला एक जण थेरपी अर्धवट सोडतो असं दिसलं. आणि दोन वर्षं येणाऱ्याला तेवढी गरज असू शकते. त्यात कमीपणा कसला?

तीस जागा भरल्या की नवा माणूस ताटकळतो. लांब पल्ल्याच्या चोवीस जागांतून महिन्याला एकच सुटते, उरलेल्या सहांतून तीन.